सहा बाय सहा, तरीही...

शाळेत वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी होते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावतात आणि वीस फुटांवर खडूने रेघ आखतात. मुलं एकेक करून रेघेवर येतात, एक डोळा तळहाताने झाकतात आणि वरच्या मोठ्या अक्षरापासून वाचायला लागतात. तळाकडची बारीक ओळ वाचली की कार्डावर ‘६/६’ असा शेरा पडतो आणि पुढच्याचा नंबर लागतो.

तपासणी सोपी, स्वस्त आणि उपयोगी आहे. फळ्यावरचं नीट न दिसणारी कितीतरी मुलं तिच्यामुळेच सापडतात. पण या ६/६ चा अर्थ नेमका काय? हा तक्ता डच नेत्रतज्ज्ञ हर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली प्रसिद्ध केला. सहा मीटरवरून ज्या अक्षराची उंची डोळ्याशी ५ मिनिटांचा, म्हणजे एका अंशाच्या बाराव्या भागाचा कोन करते, ते अक्षर ओळखता आलं की नजर ६/६. गणित करून पाहिलं तर हे अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंचीचं येतं. पांढऱ्यावर काळं, भरपूर उजेडात आणि स्थिर. तक्ता एवढ्याच परिस्थितीत नजर मोजतो. त्याच माणसाला रात्री, पावसात, समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांच्या झोतात काय दिसतं, याबद्दल तो काही सांगत नाही.

शंभर वर्षं ही उणीव फारशी कुणाला टोचली नाही. चष्मा घालवण्यासाठी डोळ्याचाच आकार बदलायचा, ही कल्पना पुढे आली तेव्हा मात्र ती टोचू लागली. त्या प्रवासाचीच ही गोष्ट आहे.

चिरांचा काळ

डोळ्यात प्रकाश वाकवण्याचं काम फक्त भिंगच करतं, असा आपल्या विद्यार्थ्यांचा समज असतो. डोळ्याची एकूण शक्ती साधारण ६० डायॉप्टर असते. त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा बाहेरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा असतो. त्याची जाडी मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त, सुमारे ५४० मायक्रॉन. निकटदृष्टिता असलेल्या डोळ्यात प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. पारपटल मध्यभागी थोडं सपाट केलं तर प्रतिमा मागे सरकेल आणि चष्मा लागणार नाही. तर्क अगदी सरळ आहे. प्रश्न होता तो सपाट करायचं कसं हा.

जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी पारपटलाच्या आतल्या बाजूने चिरा देऊन पाहिल्या. पुढच्या दीड दशकात शेकडो डोळ्यांवर ही शस्त्रक्रिया झाली. निकाल सुरुवातीला चांगले वाटले. पण पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकपदरी थर असतो. तो सतत पाणी बाहेर फेकतो आणि पारपटल पारदर्शक ठेवतो. माणसात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. या थराचं महत्त्व तेव्हा माहीत नव्हतं, आणि सातोंच्या चिरा नेमक्या त्यातूनच जात होत्या. वीसएक वर्षांनी अनेक रुग्णांची पारपटलं फुगून धुरकट झाली.

सोव्हिएत संघात स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकात चिरा बाहेरच्या बाजूने द्यायला सुरुवात केली. चाकाच्या आऱ्यांसारख्या या चिरांमुळे पारपटलाच्या कडा सैल पडत आणि मध्यभाग सपाट होई. १९७८ मध्ये ही पद्धत अमेरिकेत पोचली आणि झपाट्याने पसरली. तिथल्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या मदतीने ४३५ रुग्णांचा एक अभ्यास हाती घेतला गेला. त्याचं थोडक्यातलं नाव ‘पर्क’. या अभ्यासाने दोन चांगल्या गोष्टी केल्या. एक म्हणजे रुग्णांना दहा वर्षं सोडलं नाही. दुसरी, फक्त तक्ता वाचून न घेता, तुम्ही समाधानी आहात का, दिव्यांचा त्रास होतो का, दिवसभरात नजर बदलते का, असे प्रश्नही विचारले.

१९९४ मध्ये दहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चष्म्याशिवाय ६/६ किंवा त्याहून चांगली नजर असलेले डोळे ५३ टक्के होते. ७० टक्के लोक लांबचं पाहायला चष्मा किंवा काँटॅक्ट लेन्स वापरत नव्हते. पण ४३ टक्के डोळ्यांचा नंबर शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांपासून दहाव्या वर्षापर्यंत एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्त दूरदृष्टितेकडे सरकला होता. चिरा दिलेलं पारपटल वर्षानुवर्षं सपाट होतच राहिलं होतं.

चिरा दिलेल्या डोळ्याला आणखी एक खोड होती. प्राणवायू कमी पडला की त्याचा आकार बदलतो. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट चढणारे अमेरिकन डॉक्टर बेक वेदर्स यांना हा अनुभव फार महागात पडला. त्यांच्या डोळ्यांवर हीच शस्त्रक्रिया झालेली होती. शिखराच्या वाटेवर उंचीमुळे त्यांची नजर इतकी बिघडली की त्यांना थांबावं लागलं. पुढे आलेल्या वादळात ते मरता मरता वाचले.

टर्कीचं हाड आणि अदृश्य प्रकाश

मधल्या काळात एक वेगळंच हत्यार तयार होत होतं, आणि तेही डोळ्यांशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी. मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेत बासोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये पहिला एक्सायमर लेसर दाखवला. पुढच्या काही वर्षांत आर्गॉन आणि फ्लोरीन यांच्या मिश्रणातून १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश मिळवता येऊ लागला.

न्यू यॉर्कजवळ यॉर्कटाउन हाइट्स इथल्या आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन या लेसरने प्लॅस्टिकवर कोरीवकाम करून पाहत होते. ते मूळचे मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. असंच कोरीवकाम सजीवांच्या ऊतींवर होईल का, असा प्रश्न तिघांना पडला होता. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण झाला. त्या दिवशी घरोघरी टर्की पक्षी शिजवतात. दुसऱ्या दिवशी श्रीनिवासन जेवणातलं उरलेलं टर्कीचं हाड आणि कूर्चा घेऊन प्रयोगशाळेत आले आणि त्यावर लेसर सोडला. कूर्चेवर स्वच्छ, धारदार कडांची खाच पडली. हिरव्या प्रकाशाच्या दुसऱ्या लेसरने तीच कूर्चा करपली.

असं का झालं, हे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना समजावून देता येतं. १९३ नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा ६.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३.६ पुरतात. म्हणजे हा प्रकाश रेणूंना तापवत बसत नाही, तो त्यांचे बंध थेट तोडतो. शिवाय प्रथिनं हा प्रकाश इतका पटकन शोषतात की तो पृष्ठभागाखाली मायक्रॉनभरसुद्धा जेमतेम जातो. तुटलेले तुकडे उडून जातात आणि उष्णताही त्यांच्याबरोबरच जाते. खालची ऊती जवळजवळ जशीच्या तशी राहते. एका स्पंदात सुमारे पाव मायक्रॉन जाडीचा थर निघतो. याच गटाने माणसाच्या एका केसावर कोरलेल्या खाचांचं छायाचित्र पुढे जगभर गाजलं.

कोलंबिया विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांना या कामात पारपटल घडवण्याची शक्यता दिसली. त्यांचा आणि श्रीनिवासन यांचा एकत्रित निबंध १९८३ मध्ये आला. १९८८ मध्ये अमेरिकेत मार्गरिट मॅकडॉनल्ड यांनी नजर शाबूत असलेल्या मानवी डोळ्यावर पहिल्यांदा हा उपचार केला. कर्करोगामुळे तो डोळा काढावाच लागणार होता. तो काढण्याआधी प्रयोगासाठी देण्याचा निर्णय त्या रुग्ण बाईंनी स्वतः घेतला. या साऱ्या प्रगतीमागे त्यांचं हे देणंही आहे. क्रीट बेटावरच्या इओआनिस पालिकारिस यांनी त्याच सुमारास आधी पारपटलाची एक पातळ झडप उचलायची, खाली लेसर चालवायचा आणि झडप परत बसवायची, अशी पद्धत काढली. तीच ‘लेसिक’. तिच्यात वेदना कमी होत्या आणि दुसऱ्याच दिवशी स्पष्ट दिसायचं. ती लोकप्रिय झाली यात नवल नाही.

आता पारपटल मायक्रॉनच्या अचूकतेने घडवता येत होतं आणि रुग्ण तक्त्यावरची तळाची ओळ वाचत होते. तरीही काही जण तक्रार घेऊन परत येत होते.

एक प्राध्यापक आणि त्यांचं वलय

मी संशोधक विद्यार्थी असताना आमच्या विभागात एक प्रकाशशास्त्राचे प्राध्यापक होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी लेसर शस्त्रक्रिया करून घेतली होती. नजर दोन्ही डोळ्यांना ६/६. पण सूर्य मावळल्यावर ते स्कूटर चालवत नसत. प्रत्येक दिव्याभोवती त्यांना एक फिकट कडं दिसे. डॉक्टरांना सांगितल्यावर उत्तर मिळालं, ‘‘तक्ता तर सगळा वाचताय. होईल सवय.’’ सरांनी मग त्या कड्याचा कोन मोजला आणि फळ्यावर आम्हाला त्याचं गणित करून दाखवलं. इथे आकडे मी सोयीचे घेतो, गणित तेच आहे.

किती जाडीचा थर काढायचा याचं एक साधं सूत्र मनरलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दिलं. पारपटलाच्या ज्या वर्तुळावर लेसर चालवायचा त्याच्या व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग करा, त्याला चष्म्याच्या नंबराने गुणा आणि तीनने भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. नंबर ५ असेल आणि वर्तुळ ५ मिलिमीटरचं घेतलं तर सुमारे ४२ मायक्रॉन काढावे लागतील. वर्तुळ साडेसहा मिलिमीटरचं घेतलं तर ७० मायक्रॉन. व्यासाचा वर्ग होत असल्याने वर्तुळ थोडं वाढलं तरी खोली भरभर वाढते. पारपटल फार पातळ केलं तर ते पुढे फुगण्याचा धोका असतो. म्हणून सुरुवातीच्या काळात वर्तुळ लहान, चार-पाच मिलिमीटरचं ठेवलं जाई.

आता डोळ्याच्या बाहुलीकडे पाहू. भर उजेडात तिचा व्यास तीन मिलिमीटरच्या आसपास असतो. सगळा प्रकाश दुरुस्त केलेल्या वर्तुळातूनच आत जातो. तक्ता याच उजेडात वाचला जातो. अंधारात तरुण माणसाची बाहुली साडेसहा मिलिमीटरपर्यंत मोठी होऊ शकते. मग पाच मिलिमीटरच्या वर्तुळाबाहेरची कडही उघडी पडते, आणि तिथला नंबर अजून उणे ५ च आहे. क्षेत्रफळाचं गणित केलं तर बाहुलीतून जाणाऱ्या प्रकाशापैकी ४१ टक्के प्रकाश या कडेतून येतो. दिवसा शून्य टक्के, रात्री ४१.

या प्रकाशाची प्रतिमा दृष्टिपटलावर बिंदूसारखी न पडता पसरते. किती पसरते तेही काढता येतं. बाहुलीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याला राहिलेल्या नंबराने गुणलं की कोन रेडियनमध्ये मिळतो. ०.००६५ गुणिले ५ म्हणजे ०.०३२५ रेडियन, जवळजवळ १.९ अंश. आतली कड ५ मिलिमीटरची, म्हणून तिचा कोन १.४ अंश. म्हणजे दिव्याभोवती १.४ ते १.९ अंश व्यासाचं कडं दिसणार. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. प्रत्येक दिव्याभोवती तीन-चार चंद्रांएवढं कडं! प्रत्यक्षात कडेचा उतार हळूहळू असतो आणि बाहुलीच्या कडेने येणाऱ्या किरणांची डोळा थोडी कमी दखल घेतो. पण अंदाज म्हणून हे गणित चांगलं आहे. हे कडं सरांच्या मनात नव्हतं, दृष्टिपटलावर होतं.

पुढे वर्तुळं मोठी झाली, कडेचा उतार सौम्य झाला आणि ही तक्रार बरीच कमी झाली. पण संपली नाही. पारपटल निसर्गतः मध्यभागी जास्त आणि कडेला कमी वक्र असतं. निकटदृष्टितेसाठी लेसर चालवला की ही रचना उलटी होते आणि गोलीय विपथन वाढतं. त्यातून कडेला लेसरचे किरण तिरपे पडतात, त्यामुळे तिथे ठरवल्यापेक्षा कमी थर निघतो. डोळ्यातले असे बारीक दोष मोजण्याचं यंत्र १९९४ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी तयार केलं. बारीक भिंगांच्या जाळीतून तरंगाग्राचा आकार पकडण्याची ही युक्ती मुळात खगोलशास्त्राशी निगडित होती. १९९९ पासून या मोजमापावर आधारित लेसर उपचार सुरू झाले.

दुसरी तक्रार कोरडेपणाची होती. झडप कापताना पारपटलातल्या बारीक चेता कापल्या जातात आणि अश्रूंचा ओघ काही काळ बिघडतो. डोळ्याचा पहिला प्रकाशीय पृष्ठभाग म्हणजे अश्रूंचा पातळ थर. तो तुटक झाला की आग तर होतेच, पण प्रतिमाही मिनिटामिनिटाला बदलते. झडप न करता लहान चिरेतून आतली चकती काढण्याची पद्धत नंतर आली. तिच्या सुरुवातीच्या निष्कर्षांत बडोद्याच्या डॉ. रूपल शाह आणि सहकाऱ्यांचा २०११ चा निबंध आहे.

समाधान कसं मोजायचं?

२००९ मध्ये जगभरच्या प्रसिद्ध अभ्यासांचा एक आढावा आला. त्यात २,१९८ रुग्णांपैकी २,०९७ जण, म्हणजे ९५.४ टक्के, लेसिकबद्दल समाधानी होते. ऐच्छिक शस्त्रक्रियेसाठी हा आकडा खरोखर चांगला आहे. पण त्याच्या आधीच्याच वर्षी, एप्रिल २००८ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक जाहीर सुनावणी घेतली होती. तिथे असमाधानी रुग्णांनी रात्रीची नजर, सततची वेदना आणि नैराश्य यांबद्दल सांगितलं. एका वडिलांनी आत्महत्या केलेल्या आपल्या मुलाबद्दल सांगितलं.

एका बाजूला ९५ टक्के, दुसऱ्या बाजूला ही माणसं. यातलं खरं काय? प्रशासनाने राष्ट्रीय नेत्रसंस्था आणि संरक्षण खात्याच्या साथीने नवा अभ्यास आखला. पहिलं काम केलं ते प्रश्नावली तयार करण्याचं. रुग्णाने ती शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर, डॉक्टरांसमोर न बसता, स्वतः भरायची होती. नौदलातले २६२ कर्मचारी आणि ३१२ नागरिक त्यात सहभागी झाले. अंतिम निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले.

नजरेबद्दल असमाधानी लोक १ ते ४ टक्के निघाले आणि शस्त्रक्रियेबद्दल असमाधानी १ ते २ टक्के. वलय, चकाकी, दिव्यातून फुटणारे आरे, दुहेरी प्रतिमा अशा लक्षणांचं एकूण प्रमाण शस्त्रक्रियेनंतर कमीच झालं, कारण पुष्कळांना चष्म्यातूनही ती दिसत होती. पण आधी यातलं एकही लक्षण नसलेल्यांत तीन महिन्यांनी किमान एक नवं लक्षण सांगणारे एका गटात ४३ टक्के आणि दुसऱ्यात ४६ टक्के होते. आधी डोळे कोरडे नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांना कमी-अधिक कोरडेपणा जाणवत होता. लक्षणांमुळे रोजची कामं करणं फार अवघड झालेले लोक एक टक्क्याहून कमी होते. आणि एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रुग्णांनी डॉक्टरांना जितकी लक्षणं सांगितली, त्याच्या दुपटीहून जास्त कागदावर नोंदवली.

म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या होत्या. समाधान आणि दृष्टीचा दर्जा या दोन वेगळ्या राशी आहेत. उणे सहा नंबराचा चष्मा लहानपणापासून नाकावर वागवलेल्या माणसाला सकाळी उठल्याबरोबर घड्याळ दिसतं, यापुढे दिव्याभोवतीचं कडं क्षुल्लक वाटू शकतं. रात्रपाळीच्या चालकाला तेवढंच कडं नोकरीवर पाणी सोडायला लावू शकतं. आणि दहा लाख लोकांतला एक टक्का म्हणजे दहा हजार माणसं, हेही विसरून चालत नाही. जुलै २०२२ मध्ये अमेरिकी प्रशासनाने रुग्णाला हे सगळं आधीच, सोप्या भाषेत सांगितलं जावं यासाठी एक मसुदा प्रसिद्ध केला.

वर्गात करून पाहण्यासारखं

तक्ता काय मोजत नाही, हे मुलांना दाखवणं सोपं आहे. कोऱ्या कागदावर एकाच आकाराची दहा-बारा अक्षरं काढा. पहिलं गडद काळं, मग शाईत पाणी वाढवत शेवटचं अगदी फिकट. अक्षरं मोठी, दोन-तीन इंची घ्या. सहा मीटरवरून कोण कुठपर्यंत वाचतो ते नोंदवा. स्नेलेनच्या तक्त्यावर सारखी असलेली मुलंही इथे वेगवेगळ्या जागी अडकलेली दिसतील. याच तत्त्वावरचा पेली आणि रॉबसन यांचा तक्ता १९८८ पासून वापरात आहे.

दुसरा प्रयोग. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर तेलाचं बोट हलकेच फिरवा. दिवसा त्यातून फळ्यावरचं वाचून पाहा, आणि रात्री त्यातूनच रस्त्यावरचा लांबचा दिवा पाहा. फळा वाचता आला तरी दिव्याचं काय होतं, ते मुलांना चित्र काढून आणायला सांगा.

बारावीनंतर आपले काही विद्यार्थी ही शस्त्रक्रिया करून घेतील. त्यांना घाबरवायचं कारण नाही, आंधळा भरवसाही द्यायला नको. वय अठरा पूर्ण झालंय का, वर्षभरात नंबर बदललाय का, पारपटलाची जाडी आणि आकार तपासला का, डोळे कोरडे आहेत का, काम रात्रीचं आहे का, हे प्रश्न त्यांनी विचारायला हवेत. आणि हेही सांगायला हवं की या शस्त्रक्रियेने चाळिशी टळत नाही. वयाबरोबर भिंग कडक होतं, त्यावर पारपटल घडवून उपाय होत नाही. माझा स्वतःचा लांबचा नंबर शून्य आहे, पण हा लेख मी चाळिशी लावूनच लिहितो आहे.

पुढच्या वेळी शाळेत डोळे तपासणी होईल तेव्हा तक्ता जरूर लावा. पण ‘६/६’ लिहून झाल्यावर मुलाला एक प्रश्न आणखी विचारा, ‘‘संध्याकाळी घरी जाताना नीट दिसतं का रे?’’ मूल जे उत्तर देईल, तेही कार्डावर लिहून ठेवा.